पोर्तुगालमधला तो जुलै

बाबा,

आज माझ्या क्लासमधल्या एका मुलीची आई विचारत होती, पोरगी सोळाची आहे, डान्ससाठी एकटी परदेशात पाठवू का? मी बॅलेबद्दल भरभर खूप काही बोलले, तुम्हाला माहीतच आहे मी सुरू झाले की थांबत नाही. पण डोळ्यांसमोर तुम्ही होता, धानाच्या बांधीतल्या चिखलात उभे, फोन कानाला लावून.

मी सतराची होते. लाखनीहून दर रविवारी बसने मला नागपूरला क्लासला नेणारे तुम्ही, दिवसभर बाहेरच्या बाकावर बसून राहणारे तुम्ही. स्कॉलरशिप मिळाली, मी पोर्तुगालला समर कोर्सला गेले, आणि तिथे काय केलं? प्रेमात पडले! समोरच्या बेकरीतला मुलगा, कुरळ्या केसांचा, कपड्यांना नेहमी पिठाचा वास. त्याची रात्रपाळी संपली की आम्ही समुद्रावर जायचो आणि मी क्लासला उशिरा पोचायचे. टीचरने सरळ सांगितलं, अजून एकदा उशीर झाला तर शेवटच्या शोमधून तुझं नाव काढते. त्याच दुपारी हॉस्टेलच्या किचनमध्ये तुम्ही बांधून दिलेल्या चिन्नोर तांदळाचा भात शिजतोय, तो मुलगा वास घेऊन हसतोय, आणि तुमचा फोन येतो.

"कोन हासून राहिला?"

"मित्र आहे, बाबा."

तुमच्या मागे धानाचा रोवणा करणाऱ्या बायकांचा गलका ऐकू येतोय. मग तुम्ही विचारलंत, "भात आवडला का त्याले?"

"हो."

"मंग तुह्या आवाजाले काय झालं?"

मी सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता म्हणाल, बॅग भर आणि परत ये. आत्या तर त्याचीच वाट बघत होती.

"आयक," तुम्ही म्हणालात, "धानाचे परे उपटले का त्याच दिवशी रोवा लागते, नाई त सुकते. तुले आमी इथून उपटून तिकडं धाडलं. सकाळचा क्लास पहिले. पोरगं संध्याकाळी भेटन, ते काय सुकून राहिलं का?"

मी हे त्याला तोडक्यामोडक्या इंग्लिशमध्ये समजावलं. दुसऱ्या दिवसापासून तोच मला क्लासच्या दारापर्यंत सोडायला लागला, गरम पाव हातात देऊन. आणि शो झाला, बाबा! तुम्ही काकाच्या दुकानात सगळ्यांना गोळा करून व्हिडिओ कॉलवर बघत होता. आत्या म्हणाली, "बाई वं, पोरीचे पाय त सारे उघडेच हायेत." तुम्ही म्हणालात, "पाय नाई दिसन त नाच कसा दिसन?" नाचून विंगेत परतले तेव्हा तिथे ठेवलेल्या फोनमधून ते ऐकू आलं, आणि मी एकटीच खिदळत होते.

नागपूरच्या एअरपोर्टवर तुम्ही माझी बॅग उचलली आणि समोर बघत विचारलं, "पोरगं रडलं का?"

"रडला."

"आन् तू?"

मी म्हटलं, "मी कायले रडू?" तुम्ही "बरं" म्हणालात, आणि घरी पोचेपर्यंत रस्त्याच्या कडेच्या धानाबद्दल बोलत राहिलात. त्यानंतर दोनच पावसाळे तुम्ही होता. त्या मुलाचा विषय तुम्ही कधीच काढला नाही.

हे मी फोनच्या नोट्समध्ये टाइप करतेय. पाठवायला नंबर आहे अजून, उचलणारं कोणी नाही. त्या आईला मी शेवटी "पाठवा" म्हटलं.

आणि बाबा, मी रडले होते. विमान उडाल्यापासून ते तुम्ही गर्दीत दिसेपर्यंत.