धाकटी सून दिसत नाही

प्रिय आई,

नमस्कार. मी ठणठणीत आहे आणि वेळेवर जेवते, तेव्हा तो प्रश्न फोनवर पुन्हा नको. बाबांचा गुडघा काय म्हणतोय?

इथे हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरींच्या घड्या घालता घालता मी तुझी मालिका मोबाइलवर बघते. सासूचं काम त्या बाईने झकास केलंय. थोरला मुलगा म्हणजे नुसता ओंडका. आणि त्यानंतर लागणारी ती गाण्याची स्पर्धा बंदच करायला हवी, गाणाऱ्यांपेक्षा परीक्षकच जास्त रडतात.

पण रविवारी तू म्हणालीस, "धाकटी सून हल्ली दिसतच नाही गं, काढून टाकली वाटतं." आई, ती रोज असते. नवऱ्यावर रुसून तिने अबोला धरलाय. पंधरा दिवसांत एक शब्द बोललेली नाही, पण लालभडक साडी नेसून प्रत्येक प्रसंगात समोर उभी असते.

तेव्हापासून माझ्या घड्या चुकतायत. तू मालिका बघतेस की नुसती ऐकतेस? कधीपासून? मला सहा महिने रजा नाही. इथे बसून मी काय करू, तूच सांग.

अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. तरीही हे बाबाच वाचून दाखवत असतील, तर बाबा, एवढं गाळू नका. तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या. आणि तोवर मालिका लागली की तिच्या शेजारी बसून सांगत जा, कोण कोण गप्प उभं आहे ते.

तुमची,
लेक