बाचा काळा टाइप

९ जाने., अमरावती

बाले लकवा होऊन दवाखान्यात अकरा दिवस. उजवा हात गेला, तोंडातून फक्त "हं". भेटाले येणाऱ्या बाया खाटीजवळच गळा काढते, आत्या सगळ्यात पुढं. म्हणून काल कपडे आणाले अकोल्याले गेली तवा जठारपेठेतल्या आपल्या प्रेसमधे घुसली अन् एक कागद छापला. "रुग्णाजवळ रडण्यास मनाई आहे." बाच्या काळ्या, जाड अक्षराच्या टाइपात. आज खाटीच्या वर चिकटवला. आत्यानं वाचला, पदर सावरला, बाहेर जाऊन रडली. सिस्टरनं इचारलंबी नाई कोणाचा हुकूम हाये. दुपारी तिनंच एका मावशीले बाहेर काढलं.

काळ्याचं असंच हाये. उभी रेघ जाड, आडवी पातळ, टोकाटोकाले धार. लोकं ऐकते.

१२ जाने.

डॉक्टरनं बापुढं पेपर धरला. वाचा काका. बानं पाह्यलं. पाह्यलं. तोंड भिताडाकडं फिरवलं.

ज्या माणसाले रस्त्यापलीकडच्या पाटीवरची चुकलेली वेलांटी खुपे, थो. सारी उमर टाइपाचे शिशाचे खिळे, एकेक अक्षराचे, जुळवले त्यानं.

बाचा नियम होता, पत्रिका लग्नाची असो का तेरवीची, काळा एकाच ओळीले. नाव काळ्यात, बाकी सारं बारक्यात. एक जण आला होता, सारीच पत्रिका काळी करा म्हणे. बानं कागद वापस केला. "साऱ्यायनंच ओरडलं तं ऐकणार कोण?"

दादाचा फोन. फ्लेक्सची मशीन येऊन राह्यली, जागा पाह्यजे, जुना टाइप भंगारात देतो म्हणे. कॉम्प्युटरवर काळ्यासारखा फॉन्ट हायेच. मी म्हटलं दे. आता कोण वाचणार हाये.

१५ जाने.

बोर्ड छापला त्या दिवशी प्रेसमधून मूठभर काळे खिळे झोळीत आणले होते. उगाच. लहानपणी मी बाच्या खणायतले खिळे इकडचे तिकडं करून ठेवो, थो न पाहता हातानंच ओळखे अन् "माकड" म्हणत माह्या मागं धावे. आज बसल्या बसल्या खिळे जुळवून "माकड" केलं, दोऱ्यानं बांधलं, बाच्या डाव्या हातात ठेवलं.

अंगठा फिरला. थांबला. परत फिरला.

"मा... माकड."

अन् माह्याकडं बोट.

मी हासली. मंग बाहेर पळाली, बोर्ड मीच लावला ना.

तेच खिळे शाई लावून कागदावर उठवले. सरळ छापलेलं "माकड" बाले वाचता नाई आलं. खिळा हातात दिला का येते. डॉक्टरले सांगितलं, खिळ्यावर अक्षर उलटं असते, बा जिंदगीभर उलटंच वाचत आला. डॉक्टरनं खिळा सोताच्या अंगठ्याखाली फिरवून पाह्यला. मंग म्हणे, एवढी एक वाट उघडी दिसते. घरी असतील तेवढे आणा.

१५ जाने., संध्याकाळ

दादाले फोन.

"दादा, टाइप देऊ नको."

"सकाळीच गेला ना वो. तूच तं दे म्हटलं."

म्हटलंच होतं.

१६ जाने., अकोला

भंगारवाल्याच्या वाड्यात सारे टाइप एका ढिगात. बारका, मधला, काळा, समदा खिचडा. अर्धा काल रात्रीच भट्टीत गेला. भंगारवाला चाचा म्हणे, बेटा, पहले बोलती तो रोक लेता. अंधार पडेपर्यंत निवडू दिलं, वरून चहा पाजला. बारके सोडले, बाच्या बोटायले ते कळले नसते. काळा डोळे मिटून सापडते. सारा मिळून एक बिस्किटाचा डबा भरला.

यष्टीत डबा मांडीवर. कंडक्टर म्हणे, काय हाये एवढं वजनाचं? म्हटलं, बाचं बोलणं. येडी समजला.

२० जाने., अमरावती

बा डाव्या हातानं जुळवून राह्यला. "पाणी". "चहा". काल "आत्या बाहेर". काळ्यात "चहा" म्हणजे तहसीलदाराचा हुकूमच वाटते.

पण बरेच खिळे नाईत. बा डबाभर हात फिरवते, पाह्यजे ते अक्षर भेटत नाई, थो परत तळापर्यंत जाते. मंग हात काढून घेते. शब्द अर्धाच राह्यते. काय म्हणाचं होतं कोणाले माईत.

त्याले वाटत असंल बाकीचे खण अकोल्याले हायेत.

२३ जाने.

दादा आला. बाले पाहून बोर्डाखालीच रडला, कोणी काढलं नाई त्याले बाहेर. दादा वाईट नाई. मशीनवाल्याचा फोन आला तं फोन बंद करून ठेवला त्यानं.

बानं डबा मांगितला. अर्धा तास लागला. एक खिळा हातून दोनदा पडला, दादानं खाटीखालून उचलून दिला. मंग बानं ओळ दादाच्या हातात ठेवली. माह्या नाई.

दादाले उलटं वाचता येत नाई. थो पहिल्यापासून कॉम्प्युटरवर.

"बा काय म्हणते वो?"

मी मनातच वाचलं. "प्रेस चालू". इचारते का सांगते, त्याचा खिळा नाई.

बा आमा दोघाईकडं पाहून राह्यला. आजपर्यंत कोणालेबी काईबी थापा मारल्या मी, जीभ कधी अडली नाई.

"सांग ना वो," दादा म्हणे.

थांब, म्हटलं. वाचून राह्यली.