पाण्याची आण

आई,

तुला वाचता येत नव्हतं. लढाईवरून मी धाडलेली पत्रं शाळेचे मास्तर तुला वाचून दाखवायचे आणि तू जे सांगशील ते मला लिहूनही कळवायचे. तू म्हणाली असशील, "पोटाला खातोस न्हवं रं?" आणि माझ्या हातात यायचं, 'प्रकृतीस जपून असावे.' त्या अक्षरांत तुझा आवाज शोधून मी दमायचो. आता मास्तरही नाहीत, त्यामुळे हे पत्र तुला कोण वाचून दाखवणार हा प्रश्नच आहे. तरी लिहायला बसलोय. गेल्या आठवड्यात सांगलीच्या कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं की पडदा फाटलाय, यापुढं पाण्यात डोकं बुडवायचं नाही. सूनबाई शेजारीच होती. तिनं तिथंच दरडावलं, "ऐकलं न्हवं मामंजी?" मी मान हलवली. तुझ्यामागं मला पाण्याची बंदी घालणारा हा पहिलाच माणूस, आणि याचं ऐकावंच लागणार असं दिसतंय.

दादा डोहात बुडून गेला तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. म्हशी धुवायला गेला होता आणि चांगला पोहणारा होता, एवढंच मला आठवतं. मला पोहायला त्यानंच शिकवलं होतं, पण त्यानंतर तू मला कृष्णेवर पाठवलं नाहीस. गावातली माझ्या वयाची पोरं नदीत सूर मारायची आणि मला तू परड्यात बसवून तांब्यानं अंघोळ घालायचीस. मिसरूड फुटायला आली तरी घालायचीस. पोरं मला घंगाळातला मासा म्हणायची. एका दुपारी मी चोरून गेलोच. मनसोक्त बुड्या मारल्या, उन्हात केस वाळवले, अंगाला माती फासली आणि काही घडलंच नाही अशा तोंडानं घरी आलो. तू चुलीपुढं भाकरी थापत होतीस. मला जवळ बोलावून तू माझं डोकं हुंगलंस. आता फुंकणी पाठीत बसणार म्हणून मी अंग चोरलं, पण तू मारलं नाहीस. पिठाच्या हातानं माझा हात धरून आपल्या डोक्यावर ठेवलास. "म्हन, पान्यात पाय घालनार न्हाई." मी म्हणालो. "ही आन मोडलीस तर मी मेले म्हनून समज." तव्यावर भाकरी करपत होती आणि तुझं तिकडं लक्ष नव्हतं. ती करपलेली भाकरी मग तूच खाल्लीस.

पोरांच्या खेळात आण घातली की ज्यानं घातली त्यानंच 'सुटली' म्हणायचं असतं, दुसऱ्या कुणी म्हटलेलं चालत नाही. मी लाडात आलो की तुझ्या पाठीवर लोळत म्हणायचो, "आये, सुटली म्हन की." तू हसायचीस, पण कधी म्हणाली नाहीस. मी पलटणीत भरती झालो तेव्हा सगळ्या आया रडत होत्या आणि तू मास्तरांना विचारत होतीस, "लढाई जमिनीवरच असती न्हवं?" मास्तर बापडे काय सांगणार. व्हय म्हणाले.

बोटीत बसून मी समुद्र ओलांडला, पण पाय पाण्यात घातला नव्हता, तेव्हा आण शाबूत होती. आमची पलटण भूमध्य समुद्रातल्या सायप्रस नावाच्या बेटावर गेली. दिवसभर खंदक खणायचे आणि सामान आलं की धक्क्यावर जाऊन उतरवायचं, हेच काम. आपली कृष्णा बाराही महिने गढूळ नाही, पण डोहाचा तळ कुणी पाहिलाय? तिथं धक्क्यावरून वाकलं की चार परस, चार माणसं उभी बुडतील एवढं खाली, वाळूतला खडा दिसायचा. एके सकाळी नावेतून पेट्या घेताना आमच्यातल्या एकाची बंदूक निसटून पाण्यात गेली. माणदेशातला गडी तो, मेंढरामागं वाढलेला, गुडघाभर पाण्याला भिणारा. "गड्या, बंदूक गेली रं. आता माझं कसं हुयाचं?" म्हणून मटकन खाली बसला. बंदूक हरवणं म्हणजे शिक्षा ठरलेली. हवालदारानं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "तू कृष्णाकाठचा न्हवं? उतर." हुकूम म्हणजे हुकूम. मी बूट काढले आणि उतरलो.

खाली जाऊन डोळे उघडले. खारं पाणी झोंबलं, पण दिसलं. तळाला हिरव्या पात्यांचं रान होतं, दांडगं, नजर जाईल तिथवर. ते सगळं मिळून एका बाजूला झुकायचं, मग दुसऱ्या. पौषातला शाळू वाऱ्यावर हलतो ना, तसं. त्या रानात बंदूक आडवी पडली होती आणि ती उचलायची सोडून मी बघत राहिलो. छाती फुटायला आली तेव्हा ती घेऊन वर आलो. माणदेशी गड्यानं माझ्या ओल्या गळ्याला मिठी मारली, हवालदारानं चहा पाजला. माझं त्यांच्यात चित्त नव्हतं. मी वीस वर्षांचा होतो आणि आपल्याला जन्मात काय आवडतं ते मला त्या दिवशी कळलं.

तिथं एक म्हातारा पाणबुड्या होता. लढाईपायी कुठल्याशा दुसऱ्या बेटावरून पळून आलेला. समुद्राच्या तळाचा स्पंज काढून विकायचा. त्याच्याकडं एक बादली होती, तिचं बूड काढून तिथं काच बसवलेली. ती पाण्यावर टेकवून आत बघायचं आणि कुठं उतरायचं ते ठरवायचं. मग आपल्या पाट्याएवढा चपटा दगड, दोर बांधलेला, दोन्ही हातांत धरून सरळ खाली. दोराला हिसका दिला की वरचा माणूस ओढून घेतो. त्याची भाषा मला येत नव्हती, माझी त्याला येत नव्हती. घाई केली की तो माझ्या डोक्यात टपली मारायचा. एकदा आपल्या छातीवर हात ठेवून त्यानं मला सावकाश श्वास घ्यायला शिकवलं, तेव्हा तू आठवलीस आणि मी तोंड फिरवलं. सुटीच्या दिवशी मी त्याच्या नावेत असायचो. पुढं पुढं सुटी नसतानाही. टायरच्या रबरात काचा बसवून त्यानं मला एक चष्मा करून दिला. तो लावल्यावर खाली माझ्या बोटांवरचे केससुद्धा दिसायचे.

मग मास्तरांचं पत्र आलं. 'कळविण्यास दुःख होते की आपल्या मातोश्री हिवतापाने देवाघरी गेल्या. धीर धरावा.' पत्राला दोन महिने लागले होते. मास्तरांनी तिथी लिहिली होती, पण माझ्याकडं पंचांग कुठलं? आणि पंचांग असून तरी काय होणार होतं. दोन महिन्यांमागच्या त्या पंधरवड्यात मी एक दिवस चुकवला नव्हता, रोज पाण्यात होतो. कुठलीही तिथी धर, आई, तू गेलीस तेव्हा मी खाली असणार. साहेबाकडं गेलो. तो म्हणाला, जहाज नाही, रजा नाही. हातात सिगारेट दिली. मी ओढत नव्हतो तरी घेतली. दुसरं काय करणार होतो?

माणदेशी गड्यानं माझं डोकं भादरलं. पलटणीच्या लंगरातून भात आणून आम्ही खडकावर पिंड ठेवला. कावळा आला. तिथला कावळा अंगानं करडा, डोक्यानं काळा. हा चालतो का, यावर आमचा खल झाला. "कावळाच हाय त्यो, परमुलखातला हाय येवढंच," गडी म्हणाला. पण कावळा शिवेना. लांब बसून बघत राहिला. आपल्याकडं अशा वेळी गेलेल्याचं मन कशात अडकलंय ते ओळखून मोठ्यानं बोलतात, तर कावळा शिवतो. गडी म्हणाला, "बोल की. काय ऱ्हायलंय म्हातारीचं?" मला ठाऊक होतं. मी मोठ्यानं म्हणालो, "आये, पुन्यांदा पान्यात जानार न्हाई." कावळा उडून आला आणि त्यानं पिंडाला चोच लावली. गडी रडायला लागला. मी आठ दिवस खंदक खणले. नवव्या दिवशी म्हाताऱ्याच्या नावेत होतो. पहिली आण मोडली तेव्हा तू तरी होतीस. दुसरी मोडली तेव्हा मरायलासुद्धा कुणी उरलं नव्हतं.

घरी आलो तेव्हा तुझ्या चुलीपुढं आत्या, आबांची बहीण, बसली होती. आल्या आल्या तिनं सांगून टाकलं. "तापात एकच इचारायची बग. पोरगं पान्यात तर जात न्हाई न्हवं? म्या म्हनलं, आगं तितं लढाई हाय, पानी कुठलं? मग म्हनायची, माझी आन हाय त्याला. लय भरवसा हुता तुझा." मी घागरीतून पाणी घेतलं आणि तसंच परत ओतलं. माझ्या ट्रंकेतला चष्मा बघून आबांनी हे काय म्हणून विचारलं. धुळीचा चष्मा, म्हणालो.

त्यानंतर सगळा जन्म मी पाण्यात घातला, हे तुला कुणीतरी सांगितलं पाहिजे. पंचक्रोशीत कुणाची घागर पडली, पंपाचा पाण्यातला फूटवाल अडकला, की बोलावणं मला. विहिरीचं पाणी काळंगार, तळाला नुसता गाळ, तरी मी हौसेनं जायचो. वर्षातून एकदा कोल्हापूरला देवीला जातो म्हणून घरातून निघायचो आणि तसाच पुढं मालवणला उतरायचो. जाता-येता देवळाला बाहेरूनच हात जोडायचे. मालवणच्या एका कोळ्यानं सांगितलं, हल्ली पाठीवर हवेची टाकी बांधून माणसं तास तास खाली राहतात. तास तास, आई. मला त्या रात्री झोप आली नाही. आणि दरवेळी वर येताना, डोकं पाण्याबाहेर काढायच्या जरा आधी, मनात यायचं की आता कुणीतरी आपलं डोकं हुंगणार. घरी आल्यावर मी आधी साबणानं डोकं धुवायचो. पन्नाशीतही धुवायचो. हिवतापानं त्या साली गावातली बरीच माणसं गेली, हे मला कळतं. डास चावतो, आण चावत नाही, हे मी नातवंडांना हसत सांगतो. रात्री ते मला स्वतःला सांगता येत नाही.

आता डॉक्टरनंच बंदी घातलीय. म्हणजे तुझी आण पाळली जाणार, कानापायी का होईना. यात माझं काही कर्तृत्व नाही. 'सुटली' म्हणायला तू नाहीस, आणि असतीस तरी तू म्हणाली नसतीस.

हे पत्र चष्म्याबरोबर ट्रंकेत जाईल. वर हवालदाराचं लिहिलंय ते खोडत नाही. आत्याला, आबांना, बायकोला, सगळ्यांना मी तेच सांगत आलो. हुकमानं मोडलेली आण लागत नाही, असं मीच ठरवलं होतं. पण हुकूम नव्हता, आई. हवालदारानं त्या म्हाताऱ्या पाणबुड्याला बोलवायला माणूस धाडला होता, तो येतच होता. मला हवालदार म्हणाला, "थांब." तोवर माझे बूट काढून झाले होते. चार दिवस मी ते पाणी बघत होतो. खाली गेलो तेव्हा मला तुझी आठवण झाली नाही. वर आलो तेव्हा झाली.