फुलबाजारातला गाळा आणि फळ्याची अट

मी, वामनराव चंद्रभान निलखन, वय ७२, धंदा फुलशेती, राहणार पातूर, जिल्हा अकोला, पूर्ण शुद्धीत आणि कुणाचा दबाव नसताना हे लिहून ठेवतो. ऐकू कमी येतं म्हणजे अक्कलही कमी, असं समजणारे माझ्या घरातच आहेत, म्हणून डॉक्टरचं सर्टिफिकेट सोबत जोडलं आहे.

१. राहतं घर मुलगा शुभम याला. मळ्याचे दोन सारखे हिस्से करून एक शुभमला, एक मुलगी प्रतीक्षा हिला. मधल्या धुऱ्यावरून, बांधावरून भांडाल त याद राखा.

२. अकोल्याच्या फुलबाजारातला माझ्या मालकीचा गाळा. याबद्दल जरा सविस्तर लिहितो.

पूर्वी सौदा रुमालाखाली व्हायचा. अडत्यानं बोटं दाबली की भाव कळायचा. माझे कान चाळिशीतच गेले, पण बोटं शाबूत होती, म्हणून बाजारात मला कुणी बहिरा म्हटलं नाही. मग उघडा हर्रास, म्हणजे जाहीर लिलाव आला. लबाडी थांबली, चांगलंच झालं. पण भाव ओरडून ठरू लागला. एका दसऱ्याच्या आदल्या दिवशी अडत्यानं काहीतरी विचारलं, मी लाजेखातर मान डोलावली आणि गाडीभर झेंडू मातीमोल गेला. "दादा, तुमीच त हो म्हटलं!" असं तो सगळ्यांसमोर हसून म्हणाला, हे मला घरी आल्यावर, तेव्हा सोबत असलेल्या माझ्या स्वर्गवासी बायकोनं, माणिकबाईनं सांगितलं. त्याचं नाव लिहून हा कागद बाटवत नाही. पण मला ऐकू येत नाही, एवढं सांगायची लाज वाटली, ही चूक माझीच. त्याच रागात पुढं मी हा गाळा घेतला आणि स्वतःच हर्रास लावू लागलो.

३. शुभमची मुलगी आचल, वय एकोणीस, हिचेही कान माझ्यासारखेच जाऊन राहिले. तिला हाच धंदा करायचा आहे. म्हणून गाळा शुभमला देतो तो एका अटीवर: हर्रासातली प्रत्येक बोली फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहायची, आणि फळ्यावरचा शेवटचा भाव तोच सौदा. शुभम म्हणतो, "बाबा, लिवत बसलो त फुलं सुकून जातीन." अरे, फुलाले तेवढा दम आहे, तुलेच नाही. सलग एक महिना फळा कोरा राहिला, तर गाळा आचलचा.

लोकांना कळलं तर पोरीचं लग्न जुळणार नाही, ही सूनबाई मंजुषाची भीती मला कळते. पण सूनबाई, मीही आयुष्यभर लपवलं. काय भेटलं?

४. माझं कानाचं मशीन आचलच्या कानात कोंबू नये. ते माझ्या मापाचं आहे. तिचे कान अमरावतीला नीट तपासून माझ्या ठेवीतून नवं घ्यावं.

५. माझ्या तेरवीला जमलेल्या गर्दीत हा कागद कुणी मोठ्यानं वाचून दाखवू नये. प्रत्येकाच्या हाती एकेक प्रत द्यावी, पहिली आचलला. तिचं वाचून होईपर्यंत कुणी तोंड उघडू नये.

सही: वामनराव चंद्रभान निलखन

आम्ही वामनरावांच्या समोर बसून, सावकाश विचारून खात्री केली. त्यांनी आमच्यादेखत सही केली.
साक्षीदार: देवमन काळपांडे (सही), गीतांजली उगले (सही)
पातूर, दि. १२ नोव्हेंबर २०२४