खामगावातली लाट

३ फेब्रुवारी
आले बाई एकदाची! खामगावच्या बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगमध्ये आता लांबलचक पाण्याची टाकी आहे. एका टोकाला लाटा उठवणारी फळी, दुसऱ्या टोकाला गोट्यांचा उतार. तिथं लाट मरते. मधे माझा तरंगा, म्हणजे पत्र्याचं मोठं पिंप, डोलणार आणि लाटेतून वीज काढणार. देऊळघाटची मनाली चेन्नईला समुद्र शिकली आणि नोकरीला परत बुलढाणा जिल्ह्यातच आली, म्हणून नातेवाईक खो खो हसले. हसा लेकहो! महिनाअखेर संचालक इंद्रभान सरांपुढे दिवा पेटला नाही तर माझं काम बंद, एवढं मात्र त्यांनी बजावलंय. टाकी सांभाळणारे जहांगीरचाचा चहा फक्कड करतात.

९ फेब्रुवारी
फळी बंद होती, तरी लाट आली. तीही उताराकडून! मोटर, पंप, जमिनीचा हादरा, सगळं तपासलं. काही नाही. चाचा म्हणाले, हे नेहमीचंच हाय, पाणी शांत होईस्तोवर तिकडे पाह्यचं नाही. काऊन नाही पाह्यचं? मी तर मोजणार.

१५ फेब्रुवारी
तरंगा त्या लाटेच्याच ठेक्यावर जुळवला. फुकटची लाट कोण सोडतं? दिवा लख्ख पेटला! मी नाचले. चाचा चहा तसाच ठेवून निघून गेले.

१८ फेब्रुवारी
आनंदात एक गोष्ट विसरले. जो तरंगा लाट चांगली पितो, तो तितकीच चांगली उठवतोही. आता तो आपणहून डोलतोय. बोलावतोय. उताराकडून उत्तर येतं, दरवेळी मोठं. भीती वाटते, लई वाटते.

२० फेब्रुवारी
चाचांनी हात जोडले: बेटा, टाकी रिकामी कर. केली. तळ कोरडा ठणठणीत. तरंगा हवेतच वर — खाली — वर. दिवा पेटलेलाच.

२१ फेब्रुवारी
चाचा म्हणतात, तोडून टाक. तोडू? सगळी उमेद घातली त्यात! वजन चढवलं की ठेका मोडेल. उद्या आत उतरते.

२२ फेब्रुवारी
तरंग्यावर बसून लिहितेय. कोरड्या टाकीत पाय भिजले. खारट. गोटे सरकताहेत — सरकवणारं काहीच दिसत नाही. गुडघे. कंबर. चाचा वरून ओरडताहेत, दोर धर. दोर धरला तर तरंगा जाईल — नाही सोडत. माझा हाय तो. तुले काय वाटलं बे, पळीन मी? ये! वजनाचा एकच पेच राह्यला, आवळला की तू —