राख कोणत्या लाकडाची

सिस्टर, तुम्ही शिकवलेलं जर्मन मी गेल्या महिन्यात तुमच्याच विरुद्ध वापरलं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हे तुम्हालाच सांगायला हवं.

माझी आठवीची जीवशास्त्राची वही आठवते? शनिवारी शाळा सुटल्यावर कर्जतच्या कॉन्व्हेंटच्या व्हरांड्यात तुम्ही आम्हा तिघींना जर्मन शिकवायचात आणि त्याच टेबलावर वह्या तपासायचात. मी कडू करांद्यांबद्दल, त्या रानकंदांबद्दल लिहिलं होतं. राखेच्या पाण्यात उकडतात, मग चकत्या टोपलीत घालून ओहोळात ठेवतात, तेव्हा त्यांतलं विष जातं. तुम्ही त्या सगळ्यावर लाल पेन्सिलीनं उभी रेघ ओढता. "हे स्वयंपाकघर आहे. सायन्स नाही." मी खाली बघत उभी राहते. पुढच्या शनिवारी तुम्ही मला तुमचा जुना जर्मन शब्दकोश देता आणि मी ती रेघ विसरल्यासारखं करते.

आता मी खालापुरात, रानकंदांवर काम करणाऱ्या एका जर्मन संस्थेत दुभाषी आहे. यंदा हंगेरीहून एक शास्त्रज्ञ आल्या, वयानं माझ्याएवढ्या. त्यांना त्यांच्या भाषेशिवाय दुसरी येत नाही. म्हणून कशेळ्याच्या वरच्या वाडीतल्या एक आदिवासी ठाकर मावशी मराठीत सांगणार, मी ते जर्मनमध्ये, आणि हंगेरीतून संगणकाच्या पडद्यावर जोडलेला एक गृहस्थ पुढे हंगेरियनमध्ये. तो एरवी तिकडे पर्यटकांना किल्ले दाखवतो. "राखंच्या पाण्यात दोनदा उकडायचं, मंग वाहत्या पाण्यात ठेवायचं. नायतर घसा धरतो, उलट्या व्हतात," मावशी म्हणाल्या. मी सगळं सांगितलं. त्यानं चार शब्दांत उरकलं. बाकीचं कुठं गेलं, म्हणून विचारलं, तर म्हणाला, ती तर पाककृती होती.

मी वही मिटली.

"मॅडम, घ्या चालवून," संस्थेचे साहेब म्हणाले. "हंगेरियन-जर्मन, त्यात शास्त्रातलं. असं माणूस आणायचं कुठून?"

"मी शोधते. तोवर माझ्या तोंडून एक शब्द निघणार नाही."

"आणि नाही मिळालं तर?"

"तर अहवालात जाऊ दे छापून, की करांदे नुसते उकडून खातात. कुणाला बाधले की उत्तर तुम्ही द्या."

मावशी पदराआड हसल्या. "मास्तरीण हाय गं ही."

अकरा दिवस फोन केले. दोन्ही भाषा येणाऱ्यांना शास्त्र येईना, आणि शास्त्र येणारे औषधांच्या कारखान्यांबाहेरचं काम घेईनात. शेवटी रसायनशास्त्राच्या एक निवृत्त शिक्षिका मिळाल्या, हंगेरीतल्याच, पण जर्मन बोलणाऱ्या घरात वाढलेल्या. मावशी पुन्हा जीपनं खाली आल्या, पुन्हा तेच सगळं सांगितलं. मी जर्मनमध्ये सांगून थांबले. त्या शिक्षिकेनं आधी मलाच विचारलं, "राख कोणत्या लाकडाची?"

मी मावशींना विचारलं. त्या सावरून बसल्या. "ऐनाची. एवढ्या दिसांत कोणी इचारलंच नाय गं." मग अर्धा तास त्या थांबल्या नाहीत, आणि हंगेरीच्या बाईंनी एक अक्षर सोडलं नाही.

तेव्हा सिस्टर, ते सायन्स होतं. रेघ चुकीची होती. तुमचा शब्दकोश अजून माझ्या टेबलावर असतो, त्याच्यासमोर बसून हे लिहिते आहे आणि शब्द मागे घेणार नाही.

हे पत्र त्याच शब्दकोशात राहील. फक्त एक सांगायचं राहिलं. त्या वहीत मी लिहिलं होतं, 'डोंगरातले लोक हे कंद खातात'. आमच्या गावी, पोशीरला, आमच्या चुलीवरही ते उकडायचे, आणि ओहोळातली टोपली आई उचलून आणायची. हे आमच्या घरचं तुम्ही खोडलं नव्हतंत. ते मी लिहिलंच नव्हतं.