काजळी कुणाच्या चुलीची

आई, वाळवणावर पडणारी काजळी कुणाच्या चुलीची, ते मला कळलं.

लातूर फाट्याच्या रस्त्यावरचं आपलं घर, भिंतीला भिंत लागून काकूंचं. कुरडयांचा चीक शिजवायला दोघी लागतात, एकीनं पातेलं धरायचं, दुसरीनं घोटायचं. तुम्ही दरवर्षी मिळून करायच्या. मग एका उन्हाळ्यात तू वाळवणावर झाकलेल्या धोतरावर बोट फिरवलंस आणि ते काळं बोट गच्चीवरून काकूंना दाखवलंस. "बाई, आधी ती तुमची आंघोळीच्या पाण्याची चूल बंद करा." काकू म्हणाल्या, "आमच्याच चुलीला धूर हाय व्हय?" तिथून बोलणं तुटलं. पुढं तू पातेलं पायात धरून एकटीच घोटायचीस, खोकायचीस, आणि त्या खोकल्याचं खापरही काकूंच्याच चुलीवर फोडायचीस.

लॉकडाऊन लागला तो ऐन वाळवणात. रस्त्यावर ट्रक नाही, एसटी नाही. काकूंकडं मात्र लेकरं, सुना सगळी घरात, चूल सकाळपासून धडधडतेय. मला राहवेना. तुझ्यासारखंच धोतर अंथरलं, संध्याकाळी बोट फिरवलं. बोट स्वच्छ. रोज स्वच्छ. तुझ्यासारखाच मलाही लागलेला खोकला त्या दिवसांत कुठं गेला कोण जाणे.

यंदा परत अंथरलं. काकूंची चूल कधीच मोडली, तिथं आता तुळस आहे. रस्ता मात्र रात्रंदिवस वाहतोय. बोट काळंभोर, आणि खोकलाही परत आलाय. ते बोट घेऊन मी काकूंच्या दारात गेले, सगळं सांगितलं. त्या आता पार वाकल्यात. बोट डोळ्यांजवळ नेऊन पाहत राहिल्या.

"म्हंजे तुझ्या आईची चूल नव्हती?"

"आमची?"

"मला वाटायचं, धूर हिच्या चुलीचा, अन् वरून मलाच बोलून राहिली."

मला हसू फुटलं. काकू हसल्या नाहीत. पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "लई वर्सं वाया घालवली गं आम्ही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी पातेलं धरलं, मी घोटलं. कुरडया घरातच पंख्याखाली वाळवल्या. हे पत्र तुझ्या फोटोपुढं वाचायचं ठरवलं होतं, पण नाही वाचणार. काल तळल्या तर तुझ्यापेक्षा चांगल्या फुलल्या, आणि ते तुला सांगायची माझी छाती होत नाही.